मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबा स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली आडवे पडून एका जुन्या सिनेमातलं लग्नाचं गाणं गात होते. "आधी नळ बंद करा, मग गळा मोकळा करा," आई म्हणाली. बाबांनी दोन्ही चालू ठेवलं. दुसऱ्या दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले आणि आईचं बोलणंच थांबलं. ताट समोर ठेवलं, तर ती ताटाकडे नुसती बघत राहायची.

समजूत घालून झाली, डॉक्टर झाले. मग मुलीला तो सिनेमा आठवला. लहानपणी बाबांनी थिएटरात नेऊन तो दोघा भावंडांना कितीदा तरी दाखवला होता. त्यात नावाडी गायचा, धोबीण गायची, हवालदार तर चोराला पकडतानाही गायचा, आणि शेवटी पुलावर नावाडी आणि धोबिणीचं धूमधडाक्यात लग्न लागायचं. याहून गुणकारी औषध कुठलं? रविवारी धाकट्या भावाला आणि आत्याला बोलावून तिने टीव्ही लावला.

औषध लागू पडलं. हवालदाराच्या गाण्याला आई चक्क म्हणाली, "थोडा चहा टाक." मुलीला आभाळ ठेंगणं झालं. पुलावर लग्न लागलं तशी ती दिवा लावायला उठली.

"बस ताई, अजून निम्मा आहे," पडद्यावरची वेळ बघून भाऊ म्हणाला.

"निम्मा कसा? संपला की!"

"मागाहून वाढवला असेल," आत्या म्हणाली. "हल्ली भेसळ कशात नसते?"

तेवढ्यात पूल कोसळला. नावाडी वाहून गेला, पण कडवं पूर्ण करून गेला. धोबिणीचे डोळे गेले.

"पुढे ने, पुढे ने!"

भावाने पुढे नेलं, तर सासऱ्याची अंत्ययात्रा. आणखी पुढे नेलं, तर हवालदाराचा कुत्रा मरून पडला होता आणि हवालदार शेवटच्या घटका मोजत होता, तालात. आत्याने भोकाड पसरलं. "कुत्र्याला तरी ठेवायचं होतं रे मेल्यांनो!"

"बंद कर आधी!"

घाईघाईत रिमोट आपटला आणि त्यातले सेल सोफ्याखाली गेले. दोघं भावंडं सोफ्याखाली डोकं घालून चाचपडू लागली. वर धोबीण गातच होती.

"कशाला धडपडताय?" आईचा आवाज आला. "अजून तिची आई मरायची आहे."

मुलीने डोकं बाहेर काढलं. "तुला माहीत होतं?"

"मी दरवेळी पूर्ण बघायचे. मध्यंतराचे दिवे लागले की हे 'संपला' म्हणून तुम्हाला बाहेर काढायचे. मी आत बसून पोटभर रडायचे आणि तोंड धुऊन यायचे."

"तू मागे राहिलीस की बाबा तर म्हणायचे, बायकांच्या बाथरूमला रांग आहे," भाऊ म्हणाला.

"त्यांनी तरी शेवट कुठे बघितला? तेवढं काळीजच नव्हतं. वर मलाच विचारायचे, 'सुखात आहेत ना गं दोघं?' मी सांगायचे, हो, मुलंबाळं झाली."

आणि आई हसू लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. आत्या घाबरून रडायची थांबली.

मुलीला हवं होतं ते झालं होतं. ती सेल मुठीत धरून जमिनीवरच बसून राहिली. नातेवाइकांना फोन सगळे तिनेच केले होते. "एक वाईट बातमी आहे" म्हटलं की पुढचं समोरचाच बोलून टाकायचा. ते दोन शब्द तिला स्वतःला अजून एकदाही म्हणावे लागले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "बाबा गेले."