चौथ्या परिच्छेदापर्यंत कोण जातंय

काकांनी एकतीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून छापलेल्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यावर माणसांच्या काढायला घेतल्या. सध्या त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. इमारतीतल्या चोवीस घरांत एकही माणूस बातमी पुरती वाचत नाही. मोबाइलवर मथळा दिसला की बोट पुढे सरकतं, आणि संध्याकाळी तोच माणूस जिन्यात उभा राहून जगाला अक्कल शिकवतो.

"आज एकेकाला उघडा पाडतो," काकांनी सकाळी बायकोला बजावलं.

"आधी आंघोळ करा, मग पाडा."

पण काकांना दम कुठला? त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर चार परिच्छेदांची बातमी टाकली. मथळा, 'आज दुपारपासून पाणी बंद'. पुढे तीन परिच्छेद जलवाहिनी, व्हॉल्व्ह आणि अभियंत्यांची बैठक. चौथ्यात फक्त एवढंच, 'वरील मजकूर खोटा आहे. इथवर वाचणाऱ्याने मला फोन करावा.' मग ते कागद-पेन्सिल घेऊन बसले, फोन करणाऱ्यांची नावं टिपायला.

फोन एकही आला नाही. अंगठे आले, सतरा. दोघांनी हात जोडले. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तर तीच बातमी काकांनाच पाठवली, वर 'महत्त्वाचं आहे, जरूर वाचा' असं लिहून. काकांच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

तेवढ्यात भिंतींमधून धो-धो आवाज सुरू झाला. बादल्या, पिंपं, पातेली, फुलदाण्या. समोरच्या दंतवैद्याने मुलांचा हवा भरायचा तलाव बाल्कनीत मांडून काठोकाठ भरला.

"अहो, नळ गेला," बाथरूममधून बायको ओरडली. "डोळ्यांत साबण आहे माझ्या."

दाराची घंटा वाजली. बाहेर इमारतीचा सेक्रेटरी, चेहऱ्यावर भक्तिभाव.

"काका, मानलं तुम्हाला. वरची टाकी खडखडीत, खालचीही. आता पाणी उद्याच. तुम्ही दुपार म्हणालात आणि बरोबर बाराला गेलं."

"अरे गाढवा, तुम्ही सगळ्यांनी भरून ठेवलंत म्हणून संपलं. बातमी खोटी होती. शेवटची ओळ वाचलीस का?"

"खोटी कशी? नळ सोडून बघा ना."

काका तरातरा आत आले आणि सगळा कबुलीजबाब ग्रुपवर लिहून काढला. बातमी का रचली, पाणी कुणामुळे संपलं, दोष कुणाचा, पानभर. शेवटी माफीसुद्धा मागितली, दात-ओठ खात.

दोन मिनिटांत बावीस अंगठे. शिवणवाल्या बाईंनी लिहिलं, 'काका आहेत म्हणून आपल्याला खरी बातमी वेळेवर कळते.'

पुन्हा घंटा. पुन्हा सेक्रेटरी.

"वाचलंस?" काकांनी आशेने विचारलं.

"वाचलं तर. आता विजेचं काय ते सांगा. आणि जाणार असेल तर, काका, तेवढं मथळ्यातच लिहा. खाली फार असतं हो तुमचं."