टाकीजवळचा पिंपळ

एका जंगलात, बाळांनो, झाडांची मुळीच टंचाई नव्हती. तरीही तिथं दर पावसाळ्यात वृक्षारोपण होत असे. जंगलात कशाला झाडं लावायची, असं विचारू नका. अध्यक्ष असले की झाड लावावंच लागतं.

जंगलाच्या कडेला, उघड्या माळावर, दामोदरपंत साळिंदरांनी नवं बीळ बांधलं होतं. बिळात संडास होता. हसताय काय? तो त्यांनी वडिलांसाठी, म्हाताऱ्या आप्पांसाठी बांधला होता. वयोमानानं आप्पांचे काटे गळाले होते, आणि ओढ्याकाठी बिबट्या बसायचा. जन्मभर पहाटे तांब्या घेऊन जीव मुठीत धरून ओढ्यावर गेलेले आप्पा आता घरातच निवांत बसत. दामोदरपंतांना त्याचं फार समाधान होतं.

संडासाची टाकी परसात होती. टाकीतलं पाणी पुरलेल्या पाइपांतून जमिनीत जिरायचं. म्हणून सगळा माळ करपला तरी तेवढ्या पट्ट्यात गवत हिरवंगार असे.

घरावर सावली मात्र नव्हती. म्हणून पंतांनी यंदाचं वृक्षारोपण आपल्या परसात ठेवलं.

"झाड कुंपणापाशी लावा, टाकीपासून लांब," त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, आधीच बजावलं. "माझ्या माहेरी टाकीजवळ उंबर लावला. मुळं पाइपांत शिरली आणि सगळं उलटं घरात आलं. त्या पाइपांवर आपलं गवतच बरं."

पंतांना पटलं. त्यांनी कुंपणापाशी खड्डा खणून ठेवला.

अध्यक्ष कोल्हेसाहेब आले. हार झाला, नारळ झाला. साहेबांनी खड्ड्याकडे पाहून नाक मुरडलं.

"इथं फोटो चांगला येणार नाही. ते हिरवं बघा! ती जमीन म्हणजे सोनं. पिंपळ तिथंच लावू."

पंत लगबगीनं पुढे झाले. सांगायचं एवढंच होतं, की साहेब, खाली संडासाचे पाइप आहेत. पण गळ्यात हार घातलेल्या अध्यक्षांसमोर असला शब्द काढायचा कसा?

"अहो, सांगा की," सत्यभामाबाई कुजबुजल्या.

"गप्प बस! चारचौघांत कसलं नाव काढतेस?" पंतांनी घाम पुसला. "साहेब, ती जागा जरा... ओलसर आहे."

"वा! म्हणजे पाणी घालायचा त्रास वाचला!"

टाळ्या पडल्या. पिंपळ लागला.

आणि तो काय फोफावला म्हणता! असं खत कुठल्या झाडाला मिळतं? अध्यक्षांनी खूश होऊन त्याला दगडी पार बांधून दिला, तोही नेमका पाइपांवर. सावली झकास पडली. पंतांनी दुपारी पारावर बसून दोनदा चहा घ्यायला सुरुवात केली.

मग एका सकाळी आप्पा संडासात गेले आणि ओल्या पायांनी बाहेर आले.

"दामू, पाणी वर येतंय रे."

सत्यभामाबाई कुऱ्हाडच घेऊन निघाल्या. पंत आडवे आले. पिंपळ तोडायचा? आणि तोही अध्यक्षांच्या हातचा? शिव शिव! शेजारणींनी तर त्याला प्रदक्षिणाही सुरू केल्या होत्या.

"आप्पा," पंत खाली मान घालून म्हणाले, "काहीतरी सोय होईपर्यंत... जरा ओढ्यावर..."

आप्पांनी मुलाकडे एकदा पाहिलं. मग तांब्या उचलला.

आप्पा परत आले नाहीत. तांब्या तेवढा सापडला.

शोकसभा पिंपळाच्या सावलीतच झाली. गर्दी चांगली होती, पण वास इतका होता की जो तो नाकाला रुमाल लावून बसला.

कोल्हेसाहेबांना गहिवरून आलं. "पाहा! एकाचाही रुमाल खाली येत नाही. असं प्रेम किती जणांच्या वाट्याला येतं?"

सत्यभामाबाई ताडकन उठल्या. "साहेब, हे रडणं नव्हे, हा—"

पंतांनी त्यांचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं. त्या सगळ्या सभेत खरोखर रडत होते ते एकटे पंत. आणि रडता रडता त्यांनी हात जोडून अध्यक्षांचे आभार मानले.

तात्पर्य: घरात घाण आली तर फिनेल मिळतं, चारचौघांत संडासाचं नाव काढलं तर अब्रू कशानं धुणार? म्हणून बाळांनो, पाहुण्यांसमोर नेहमी चांगलंच बोलावं. वडील काय, आज ना उद्या जायचेच.