पिवळा म्हणजे नरच

बटणांच्या कारखान्यात शेडवाल्यांचा शब्द शेवटचा. कापड समोर धरलं की त्याला नेमक्या कुठल्या पिवळ्या शेडचं बटण शोभेल, हे ते नुसत्या नजरेनं सांगत. सगळा कारखाना त्यांना शेडवाले म्हणे. स्वतःचं खरं नाव त्यांनाही सही करतानाच आठवे. अशा माणसाने घरी कॉकटील पोपटांची जोडी आणली, इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पिल्लांतला नर कोणता आणि मादी कोणती हेसुद्धा आपण रंगावरूनच सांगू, असं त्यांनी ठरवलं तेव्हा.

जोडी राखाडी. दोघांच्या डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. नराचं तोंड तेवढं पिवळं. घरट्यासाठी ठेवलेल्या पेटीतून दोन पिल्लं निघाली. एक आईबापांसारखं राखाडी. दुसऱ्याला पिसं फुटली ती पिवळीजर्द, आणि डोळे लाल. शेडवाले हबकलेच.

"अहो, हे कुणावर गेलं?" बायकोने विचारलं.

"हळू बोल. शेजारी ऐकतील." (शेजाऱ्यांकडे पोपट नव्हता, मांजर होतं. पण धक्का बसलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला.)

मग त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला. नराचं तोंड पिवळं असतं. मग ज्याचं तोंडच काय, शेपटीपर्यंत सगळं अंग पिवळं, तो केवढा नर असेल? "हा नर. तोही अस्सल. राखाडी ती मादी," त्यांनी निकाल दिला. राखाडीचं नाव लगेच बेबी पडलं.

"एकदा डॉक्टरांना विचारा ना," बायको म्हणाली. "बाबांना द्यायचंय."

खरी गोम इथेच होती. बाबा म्हणजे शेडवाल्यांचे सासरे, जुने बँडमास्तर. उभा जन्म कॉर्नेट फुंकण्यात गेला आणि म्हातारपणी पुढचे दात पडले, तशी फुंकही गेली. त्यांनी स्वतः बांधलेली एक धून होती. ती कागदावर नव्हती, आणि बँड मोडल्यापासून कुणाच्या तोंडीही उरली नाही, असं ते म्हणत. कॉकटीलचा नर शीळ शिकतो, मादी सहसा शिकत नाही, हे कळल्यावर म्हाताऱ्याने जावयाकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. एक नर द्या, माझ्यामागे धून राहील.

"बाबा, शेडवाल्याचा शब्द आहे," म्हणत जावयाने पिवळं पिल्लू त्यांच्या हवाली केलं.

वर्ष सरत आलं. सासरे सकाळ-संध्याकाळ कवळी घट्ट बसवून पिंजऱ्यासमोर शीळ घालत. पिवळा मान वाकडी करून ऐके, आणि ऐकण्यापलीकडे काही करत नसे. "बुजरा आहे," जावई फोनवर समजूत काढत. "मोठे कलावंत उशिराच तोंड उघडतात."

आणि इकडे घरी बेबीचं तोंड पिवळं पडलं.

"कावीळ," शेडवाले म्हणाले आणि पिंजरा उचलून, बायकोला घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

बाईंनी बेबीला हातात धरलं, शेपटी उलटी करून पाहिली. "कावीळ कसली? पहिली पिसं झडून वयात आलाय. नर आहे हा. लहानपणी सगळी राखाडी पिल्लं मादीसारखीच दिसतात."

शेडवाले मटकन खुर्चीत बसले. खुर्चीत कुणाचा तरी ससा होता (तो वेळेत उठला).

"मग... पिवळा?"

"आईबाप दोघं राखाडी आणि पिल्लू पिवळं, लाल डोळ्यांचं? मादीच ती. पिवळा रंग बापाच्या रक्तात दडलेला असतो. आई राखाडी असली की तो फक्त मुलीत दिसतो, मुलग्यात दिसत नाही. हे तर डोळे मिटून सांगता येतं."

शेडवाल्यांना दरदरून घाम फुटला. वर्षभर एक म्हातारा माणूस कवळी सावरत मादीपुढे शीळ घालत होता, तेही आपल्या शब्दाखातर. त्यांना मनापासून वाईट वाटलं. बाबांना आता सांगायचं कसं?

सांगावं लागलं नाही. मुलीला फोन करून ही मंडळी कुठे आहेत ते विचारून बँडमास्तर स्वतःच दारात उभे होते. एका हातात पिवळीचा पिंजरा, दुसऱ्या हातात रुमाल. रुमालात अंडं.

"जावईबापू," ते अगदी शांतपणे म्हणाले, "आज बँडमधल्या जुन्या मंडळींना ऐकायला बोलावलं होतं. मी शीळ घातली. त्यावर याने हे उत्तर दिलं."

तेवढ्यात बेबीने तुरा उभारला आणि पहिल्यांदाच शीळ घातली. पहिल्याच सुरांना बँडमास्तरांनी हातातला पिंजरा खाली ठेवला. त्यांचीच धून होती.

"याला कुणी शिकवली?"

"आमच्या लग्नात तुम्ही वाजवली होती ना बाबा," मुलगी म्हणाली. "तेव्हापासून हे रोज दाढी करताना तीच शीळ घालतात."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. शेडवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

मग बेबी वरच्या सुरापाशी आला. शेडवाले जिथे रोज घसरत, तिथेच तोही घसरला. मध्येच थांबून खाकरला. ब्लेड लागल्यावर निघतो तसा एक "स्स्" काढला. आणि उरलेली धून भलत्याच पट्टीत नेऊन एकदाची संपवली. बँडमास्तरांचा हात खांद्यावरून खाली आला.

"हे सुधारेल का?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"एकदा बसलेली शीळ सहसा जात नाही."

"आणि हा जगतो किती?"

"नीट सांभाळलात तर वीसेक वर्षं."

बँडमास्तरांनी बेबीकडे पाहिलं, मग बराच वेळ जावयाकडे पाहिलं. रुमालाची गाठ जपून बांधली आणि पिवळीचा पिंजरा उचलला.

"मग मला माझं अंडंच बरं," ते म्हणाले.