योहान सरांची संघनिवड

योहान सर मोबाईलवर कुठलाही गेम घेण्याआधी त्याची मुलाखत घेतात. टेबलावर फोन, शेजारी वही, डोळ्यांवर चष्मा आणि बाजूच्या खुर्चीत मी. मी एवढ्यासाठी, की गेममधला मजकूर इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असतो, आणि बारीक अक्षरात लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर सरांचा विश्वास नाही.

"विचार त्याला, रोज किती वेळ मागतो?"

मी वाचून सांगतो. सर वहीत टिपून घेतात.

भिंगारमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सर शाळेत पी.टी. शिकवायचे. खो-खोचे मुलींचे संघ त्यांनी वर्षानुवर्षं घडवले. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने पलंगावर काढावे लागले, तेव्हा मुलीने पुण्याहून येऊन त्यांच्या फोनवर एक गेम टाकून दिला. त्यात आपला एक संघ असतो. नशिबाची चिठ्ठी काढावी तसे नवे गडी मिळत जातात, कुणी एक ताऱ्याचा, कुणी पाच ताऱ्यांचा. फोन खिशात ठेवला तरी गडी आपले आपण लढत राहतात. पडून असलेल्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? सर बरे झाले, चालायला लागले, पण गेम सुटला नाही. फक्त एकावर त्यांचं समाधान होईना.

दर महिन्याला नवा उमेदवार येई. एकात सारखे दिवे लुकलुकायचे. "हे मैदान आहे का लग्नाचा मांडव?" म्हणून तो गेला. दुसऱ्यातल्या लढवय्या बायकांचे कपडे पाहून सरांनी फोन उलटा ठेवला. "आधी या पोरींना ट्रॅकसूट द्या म्हणावं." तिसरा दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवायचा. "शिस्त नाही. बाहेर!" मी एकदा म्हणालो, "सर, टाका की कुठलाही एक. खेळच तर आहे." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

शेवटी दोन गेम उरले. एक देखणा, सगळीकडे नावाजलेला. दुसरा साधा, मंद, चित्रंही ओबडधोबड. सरांनी दोन्ही एकदम चालवले. चाळीस दिवसांत देखण्या गेममध्ये त्यांचा संघ बराच वर गेला. निवड झाल्यातच जमा होती.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर सूचना आली होती.

"काय म्हणतोय तो?"

मी वाचलं. "सर, तुमच्या त्या पाच ताऱ्यांच्या बाईला आणखी बळ मिळणार आहे. त्यासाठी एक ताऱ्याचे तीन गडी द्यायचेत."

"द्यायचे म्हणजे?"

"म्हणजे ते तिच्यात मिसळून जातात."

"परत येतात?"

"नाही. संपले ते."

गेमने आधीच तीन गडी निवडून ठेवले होते. त्यात काठी घेतलेली एक बारकी मुलगी होती, अगदी पहिल्या दिवशी मिळालेली. सरांनी तिच्या चित्रावर बोट ठेवलं, उचललं. मग तो अख्खा गेमच फोनवरून काढून टाकला. चाळीस दिवसांची मेहनत गेली.

"अहो सर! नको म्हणायचं होतं नुसतं."

"आज नको म्हटलं, उद्या परत विचारेल. मला माझी खात्री नाही."

मग त्यांनी पारूची गोष्ट सांगितली.

पारू मिरजगावची. भिंगारला मावशीकडे राहून शिकायची. अंगाने बारीक, पळण्यात बेताची, पण तीन वर्षांत सरावाला एकदाही गैरहजर नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला बारा जणींच्या संघात तिचं नाव होतं. आदल्या दिवशी शाळेत एक उंच, चपळ मुलगी नव्याने दाखल झाली. तिला घ्यायचं म्हणून सरांनी पारूला बोलावून संघाचा शर्ट परत मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो धुऊन, घडी करून आणून दिला. संघ जिंकला. पारू पुन्हा मैदानावर आली नाही, आणि त्याच वर्षी तिने शाळा सोडली.

"तीस वर्षं झाली," सर म्हणाले. "जिंकलो, म्हणून मला कुणी काही विचारलंच नाही."

साधा, मंद गेम तेवढा फोनवर राहिला. पण माझ्या डोक्यातून पारू जाईना. माझ्या ऑफिसात एक जण मिरजगावचा आहे, त्याच्याकडे चौकशी केली. ती तिथेच होती. लग्न गावातच झालेलं, हायवेलगत स्वतःची पिठाची गिरणी. सर आधी तिकडे जायला नको म्हणाले. रविवारी मात्र माझ्याआधी एसटी स्टँडवर उभे होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

गिरणी चालू होती. पंचेचाळिशीची एक बाई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी डबा भरत होती. सरांनी दारातूनच "पारू" म्हटलं. तिने मान वर केली, गिरणी बंद केली आणि येऊन पाया पडली.

"आवाजावरून वळखलं, सर."

तिने खुर्ची पुसून दिली. सर बसले नाहीत. वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे उभेच राहिले.

"तुझा शर्ट काढून घेतला होता मी. चुकलं माझं. तेवढं सांगायला आलो."

पारूने भरलेल्या डब्याला झाकण लावलं.

"लई रडले हुते," ती म्हणाली. "दोन दिस जेवले न्हाई. तुमचा राग बी आला हुता." मग तिने पदराला हात पुसले. "पन शाळा त्यापायी न्हाई सोडली, सर. आई आजारी पडली, घरी करनारं कुनी नव्हतं. तुमी एवढी वर्सं हे मनात घेऊन बसलात व्हय?"

 सरांनी मान हलवली.

"बसा आता," ती म्हणाली. तेव्हा ते बसले.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दळण घेऊन दोन बायका आल्या. त्यातल्या एकीने सरांकडे बघत विचारलं, "पाव्हणे कोन हायेत गं?"

"आमचे सर हायेत," पारू म्हणाली. "खो-खोचे."

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. नगर जवळ आलं तरी त्यांचा हात गुडघ्यावरच होता. मी विचारलं, "सर, पाय दुखतोय का?"

"नाही रे." ते बाहेरच बघत होते. "शाळेतले सर नाही म्हणाली. आमचे म्हणाली."