अनुभवी लाटणे

लाटणे दोन्ही टोकांना सारखे असावे, याविषयी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या कुणाचे दुमत नव्हते. मग या व्यवसायाच्या हितरक्षणासाठी संघ स्थापन झाला.

बाजारात प्लास्टिकची लाटणी आली होती, स्टीलची येऊ घातली होती; तेव्हा लेथवर लाकूड कातून पोट भरणाऱ्यांनी एक व्हावे, असा विचार पुढे आला. अध्यक्षपदी हंबीरराव बिनविरोध आले. त्यांचे प्लायवूडच्या फर्निचरचे शोरूम होते आणि लेथला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यामुळे ते कुणाचेच प्रतिस्पर्धी नव्हते, आणि निःपक्षपातीपणाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

कडेगावचा कुतुबुद्दीन सभासद झाला तो वखारीपायी. सभासद नसलेल्याला वखारीतून लाकूड मिळू नये, अशी तजवीज संघाने सगळ्यांत आधी केली होती. कुतुबुद्दीन लाटणी करी, पाळण्याचे दांडे करी, पलंगाचे पाय करी. पण जीव ओतून करी ती पखवाजाची खोडे. सप्ताहाच्या कीर्तनात तो पखवाजवाल्याच्या पाठीशी जाऊन बसे. आपल्या हातचे लाकूड देवापुढे काय बोलते, ते ऐकल्याशिवाय त्याचे वर्ष पुरे होत नसे.

कातकामाची एक रीत आहे. आधी नमुना, मग माल. नमुना लेथच्या वर खिळ्याला टांगायचा आणि त्याच्याकडे बघत दुसरा हुबेहूब उतरवायचा. "नमुन्याशी भांडायचं न्हाई," असे कुतुबुद्दीनचा बाप सांगून गेला होता, आणि असे प्रत्येकाचाच बाप सांगून गेला होता.

संघाने 'प्रमाणित लाटणे' ठरवले, तेव्हा नमुना आणण्याची जबाबदारी हंबीररावांनी घेतली आणि विसरून गेले. सभेला निघता निघता त्यांनी स्वयंपाकघरात हात घातला, लागले ते लाटणे पिशवीत टाकले. ते त्यांच्या आईचे, बनुबाईंचे होते. बनुबाईंचा उजव्या हातावर जोर, म्हणून उजवीकडून ते झिजून निम्मे झाले होते. डाव्या टोकाला नातवाने दात येताना चावले होते. नारळ फुटला, लाटणे काचेच्या पेटीत गेले, वर हार पडला.

कुतुबुद्दीन उभा राहिला. "आवं आण्णा, ह्ये लाटणं झिजल्यालं हाय."

"झिजलेलं नाही," हंबीरराव म्हणाले. "अनुभवी आहे."

टाळ्या पडल्या. कारागीर कामाला लागले. उजवी बाजू बारीक कातणे सोपे होते. दातांच्या खुणा काही लेथवर निघेनात. त्या पटाशीने कोराव्यात आणि नक्षीकाम समजाव्यात, असे परिपत्रक निघाले.

घरोघरच्या पोळ्या एका कडेला पापड आणि दुसऱ्या कडेला भाकरी होऊ लागल्या. तक्रारी आल्या, उपसमिती नेमली गेली. लाटणे प्रमाणित असल्यामुळे दोष त्याचा असणे शक्य नव्हते. तो पोळपाटाचा निघाला. मग उतरता पोळपाट आला. तरी जाड कड कच्ची राहू लागली, तेव्हा तिकडे जास्त आच जावी म्हणून शेगडीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी, अशी शिफारस झाली. लोणंदला शिबिर भरले. त्यात बायकांना एक खांदा खाली टाकून उभे राहायला शिकवले गेले. पुण्याहून एक बाई कॅमेरा घेऊन आल्या आणि 'एका घासात दोन चवी' म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर तक्रारी थांबल्या.

सप्ताह तोंडावर आला, तशी विजयमालाआक्का कुतुबुद्दीनच्या दारात उभी राहिली. सप्ताहाची चूल तिच्या ताब्यात असे.

"कुतुबभाऊ, काल्याला पुरणपोळी हाय. तुझ्या संघाच्या त्या चावक्या लाटण्यानं पुरण एका अंगानं भाईर येतंय. मला सरळ लाटणी दे."

"आक्का, संघाला कळलं तर सभासदकी जाईल. मंग वखार बंद. लेथवर काय लावू, माझं डोस्कं?"

"आन पोळ्या फुटल्या तर मी काय वाढू, तुझं परिपत्रक?"

आतून त्याची बायको खातूनबी म्हणाली, "द्या की करून. आपल्या घरात तर जुनंच लाटणं चालतंय."

कुतुबुद्दीन चपापला. "कवापासनं?"

"पयल्यापासनं. पोळी गोल येत हुती. तुमी ताटात बघितलं न्हाई."

त्याने लाटणी केली. काल्याच्या कीर्तनाला तो नेहमीच्या जागी बसला, पण त्या दिवशी पखवाज काय बोलला ते त्याला ऐकू आले नाही. त्याचे कान भटारखान्याकडे होते.

पंगत बसली. प्रमुख पाहुणे हंबीरराव. पानात पोळी पडली. गोल, सगळीकडून सारखी, पुरण पोटात. पंगतीत कुजबुज सुरू झाली.

"गोल हाय रं. मशीनची दिसती."

"पाकिटातली आसंल गड्या. घरची पोळी कवा अशी आसती व्हय?"

हंबीरराव उठले. "लाटणी कुणाच्या लेथवरची?"

"माझ्या," कुतुबुद्दीन म्हणाला. हंबीररावांनी वखारीला लावायला फोन काढला. वखार बंद म्हणजे पखवाजाचे खोडही बंद; कुतुबुद्दीनला पुढच्या सप्ताहातली आपली जागा रिकामी दिसली.

"हंबीर, फोन ठिव आन जेव," पलीकडच्या ओळीतून बनुबाई म्हणाल्या. त्यांची दुसरी पोळी चालली होती. "वरीसभरानं पोळीसारखी पोळी मिळाली. माझं जुनं लाटणं चुलीत घालाया काढून ठिवलं हुतं, ते बी कुणी नेलं. पोरानं चावल्यालं."

पंगतीत कुणी हसले नाही. पोराचे ते दात काहींनी कोरले होते, बाकीच्यांनी विकत घेतले होते.

हंबीररावांनी फोन खिशात ठेवला, घास गिळला आणि पंगतीतच तातडीची सभा घेतली. काळानुरूप नमुना बदलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. भटारखान्यातून कुतुबुद्दीनचेच एक लाटणे आणवले गेले आणि हार घालून काचेच्या पेटीत ठेवले गेले.

"आण्णा," कुतुबुद्दीन म्हणाला, "त्याच्या टोकाला पुरणाचा गोळा चिकटल्याला हाय. पुसून घिऊ का?"

"नमुन्याला हात लावायचा नाही."

वखार चालू राहिली. हल्ली दोन्ही जिल्ह्यांतली लाटणी सरळ असतात, टोकाला तेवढा एक गोळा असतो. बिनगोळ्याचे लाटणे कुतुबुद्दीनच्या मागच्या दाराने मिळते. तिथे संघाचे पदाधिकारीही येतात, बायकोने पाठवले म्हणून.

शेगडीखालची घडी मात्र कुणी काढल्याचे ऐकिवात नाही. घरोघर विचारावे तर एकच उत्तर मिळते, आमचा ओटाच उतरता आहे. वाचकाने आपल्या ओट्याशी जाऊन शेगडीखाली जरा वाकून बघावे. असेल. राहू द्यावी, वर दूध तापत असेल.