फुर्ट्याडो चर्च बघायला जातात

देव सर्वत्र आहे, यावर सर्व धर्मांचं एकमत आहे. त्यामुळे देव कुठे सापडेल हा प्रश्न माणसाला सहसा पडत नाही. तिथे पंख्याखाली जागा आहे का आणि गेल्यावर कोणी 'या, या' म्हणेल का, एवढेच प्रश्न उरतात.

कैतान फुर्ट्याडो २००४ साली वसई सोडून बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आला, तेव्हा त्याने या प्रश्नांचा सांगोपांग विचार केला. मनासारखी पॅरिश, म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची माणसं, मिळाली तर फायदे उघड होते. आठ वर्षांच्या प्रिन्सियाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा, थाटात होईल. बायकोला, एलिझाला, क्वायरमध्ये जागा मिळेल (तिच्या आवाजाला घर पुरत नव्हतं). आई नातालबायला बोलायला माणसं मिळतील, म्हणजे ती कैतानशी कमी बोलेल. आणि उद्या आपणच गेलो, तर पेटी उचलायला सहाजण हजर असतील. सोसायटीतले लोक जिन्यात अडलेल्या गॅस सिलिंडरला हात लावत नाहीत, ते पेटीला काय लावणार!

खरं म्हणजे वसईत हे सगळं होतंच. तिथे चर्चमधला प्रत्येकजण कैतानला नावाने ओळखायचा आणि तो शनिवारी किती घेतो हेही जाणायचा. म्हणून तर त्याने फ्लॅट घेतला. आता त्याला अशी पॅरिश हवी होती, जिथे सगळे त्याला ओळखतील, पण कोणाला काही माहीत नसेल.

चर्च ठरायचं होतं, पण कम्युनियनचा पांढरा फ्रॉक आधी शिवायला टाकला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये सिंधी टेलरने माप घेता घेता विचारलं, "फंक्शन कब है?"

"चर्च पसंत पडलं की," कैतान म्हणाला.

"मतलब अभी देखनेका चालू है?"

"हां."

टेलरने प्रिन्सियाकडे पाहिलं, मग कैतानकडे पाहिलं. "फिर चार इंच दबाके रखता हूँ, साईं."

मुलगी बघायला जावं तसं हे कुटुंब चर्च बघायला जाऊ लागलं. सुरुवात घराजवळच्या चर्चपासून झाली. रमतगमत चालत गेलं तरी दहा मिनिटं. निकाल : नापसंत. कारण : कोणी बोललं नाही. (कुटुंब प्रवचन सुरू झाल्यावर आत शिरलं आणि शेवटच्या आशीर्वादाआधी बाहेर पडलं. मधल्या वेळेत लोक प्रार्थना करत बसले होते, हा त्यांचा दोष.) शेजाऱ्याकडे वळून, हात जोडून शांती द्यायची वेळ आली, तेव्हा पुढच्या बाकावरचा गृहस्थ धड वळलासुद्धा नाही.

"पाव शांती दिली मेल्याने," कैतान बाहेर आल्यावर म्हणाला.

"मला तर बरं वाटलं बाबा," नातालबाय म्हणाली. "शेजारची बाई मोतीबिंदूचा डॉक्टर सांगत होती."

"आई, तुला कुठेही बरं वाटतं," असं म्हणून तिचं मत बाद करण्यात आलं.

मग अंबरनाथकडचं एक चर्च झालं. तिथे दारात हसून स्वागत झालं, नाव विचारलं गेलं, चहा आला आणि चहा संपायच्या आत कैतान सणाच्या मंडप समितीवर होता. नापसंत, स्वागत अंगावर येतं. उल्हासनगरच्या एका चर्चमध्ये पंखे अप्रतिम होते, पण एलिझाचा एक सूर ऐकून क्वायरने 'पुढच्या वर्षी बघू' असं कळवलं. चिखलोलीला नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सात कुटुंबांचा प्रार्थनागट जमायचा. तिथे गोल बसून प्रत्येकाने आपलं दुःख सांगायचं असे. कैतानकडे चारचौघांत सांगण्याजोगं एकच दुःख होतं, की चांगली पॅरिश मिळत नाही. ते ऐकून सातही कुटुंबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. ती तिथेच फळेल या भीतीने कैतान पुन्हा तिकडे फिरकला नाही.

नातालबायने दोन चर्चांनंतरच रिक्षातले हिसके खायचं सोडलं. रविवारी ती काठी टेकत जवळच्याच चर्चला जाई. डोळ्याचं ऑपरेशन मात्र तिने लांबवलं. "कम्युनियन कधीही ठरेल. फोटोत माझ्या डोळ्याला पट्टी नको." यात तर्काची चूक काढता येत नव्हती. तोवर फ्रॉकचा दाब दोन इंच उसवून झाला होता.

अशी चर्च बघत फिरणारी घरं एव्हाना पुष्कळ झाली होती. जाणकारांच्या मते (जाणकार म्हणजे कैतान) त्या पट्ट्यात दर रविवारी तीनातलं एक कुटुंब पाहणीवर असे. अखेर २००७ साली पाचव्या चर्चच्या पायरीवर चमत्कार झाला. नगरकडचे राजेंद्र आणि संध्या पठारे हे जोडपं समोरून हसत आलं. "या ना! डाव्या बाजूला बसा, तिकडे वारा लागतो." कैताननेही दोन्ही हातांनी नमस्कार केला, नावं विचारून-सांगून झाली, "तुम्हीसुद्धा या, शेजारीच बसू" म्हटलं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर तो तडक नाव-पत्ता घालायला ऑफिसात गेला.

"कोणामुळे आलात?" तिथल्या फादरांनी विचारलं.

"पठारेंमुळे. काय माणसं आहेत तुमची, फादर!"

"पठारे आत्ताच येऊन गेले. म्हणाले, फुर्ट्याडोंसारखं प्रेमळ कुटुंब जिथे आहे, तिथेच आमचं नाव घाला." फादरांनी चष्मा काढून पुसला. "तेही आज पहिल्यांदाच आले होते. राहतात तुमच्याच सोसायटीत. तुम्ही ए विंग, ते सी."

कैतानने नाव घालायला काढलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

"आणि पॅरिश पसंत करायची नसते हो. ती पत्त्यावरून ठरते, रेशनच्या दुकानासारखी. तुमची ती बदलापूरची, घराजवळची."

घराजवळच्या चर्चमधल्या फादरांनी आडनाव ऐकताच खुर्ची पुढे केली. "नातालबायचे का? अहो, नव्या कुटुंबांना आम्ही रविवारी मिस्सानंतर भेटायला येतो. दर वर्षी आलो. किल्ली तुमच्या खिशात असायची. मग नातालबायबरोबर जिन्यातच बसायचो. ती सांगायची, मुलं चर्च शोधायला गेलीत. आम्हाला वाटलं, सापडत नसेल."

कम्युनियनच्या दिवशी फ्रॉकचे चारही इंच खाली आले होते. आठ-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत अकरा वर्षांची प्रिन्सिया टोकाला उभी होती. फोटोग्राफर तिला दोनदा म्हणाला, "टीचर, जरा बाजूला."

"दिसली का गं आई?" कैतानने विचारलं.

"दिसली तर! सगळ्यांत उंच," नातालबाय डोळे बारीक करत म्हणाली. "आधी मला मेणबत्तीच वाटली."

कैतान आता तिथे पंख्याखालच्या तिसऱ्या बाकावर बसतो. त्या चर्चमध्ये प्रेम फार आहे, असं तो सर्वांना सांगतो. एखादं नवं कुटुंब प्रवचन सुरू झाल्यावर मागे येऊन बसतं आणि कोणी हसतंय का ते बघतं. शांतीच्या वेळी कैतान धड न वळताच हात जोडतो. पठारे सी विंगमध्येच आहेत. भेटायला जायचं दोन्हीकडून ठरलेलं आहे.

तेव्हा हिशेब असा : स्वागत हवं होतं कैतानला. त्यासाठी प्रिन्सियाने बालपणाची तीन वर्षं भरली, नातालबायने नातीचा चेहरा भरला. कैतानचं रिक्षाभाड्यावर निभावलं. तुम्ही हसलात, म्हणजे तुमचं काहीच गेलं नाही असं तुम्ही धरून चालला आहात. मग समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव सांगा पाहू. दारावरची पाटी न वाचता.