रुळांवरची पानं आणि आमचे दाजी

ज्या दिवशी अक्का गेली, त्या दिवशी इंग्लंडमध्ये रुळांवर पानं पडली म्हणून एक गाडी थांबली. त्या गाडीत अक्काची मुलगी मुक्ता होती. ती विमानतळावर पोचली तेव्हा कुवेतचं विमान गेलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. सांगायचं आहे ते त्यांच्याविषयी.

दाजींच्या फ्रिजमध्ये नाव, तारीख आणि वेळ चिकटवल्याशिवाय काहीही जात नाही. 'वरण, मंगळवार, स. ७.४०.' 'कोथिंबीर, निवडलेली.' 'कोथिंबीर, न निवडलेली.' इथं कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये ते तीस वर्षं टेक्निशियन आहेत. लेबलं मात्र स्वतःच्या पैशानं आणतात; इस्पितळाचं एक लेबलही आजवर घरी आलेलं नाही. एकदा मी त्यांच्याकडे चहा अर्धा ठेवून बाल्कनीत गेलो. परत आलो तर कपावर चिठ्ठी होती: 'चहा, अर्धा, सायं. ५.२०. मालक बेपत्ता.'

"टेस्ट केली का?" हा त्यांचा आयुष्याला विचारलेला एकमेव प्रश्न. जुलैच्या दुपारी, चपलेचा तळ डांबराला चिकटत असताना, "दाजी, आज फार गरम आहे हो," असं म्हणायची सोय नाही. "थर्मामीटर बघितलास?" मुबारकियाच्या बाजारात एका मधवाल्यानं त्यांना "एकदम असली" असं सांगितलं. दाजींनी खिशातून ड्रॉपर काढला आणि त्याच्याकडेच ग्लासभर पाणी मागितलं. तेव्हापासून ते त्या गल्लीत शिरले की तो मधवाला लांबूनच "आज सुट्टी" म्हणून हात हलवतो.

मी इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. त्यामुळे दाजी मला 'लायब्ररी' म्हणतात. एकदा मी चुकून बोलून गेलो, की काल एक कादंबरी वाचताना डोळ्यांतून पाणी आलं.

"किती मिली?" दाजींनी विचारलं.

अशा माणसाशी अक्कानं संसार केला, तो काहीही न मोजता. तिचं मीठ अंदाजानं, पीठ मुठीनं.

"अंदाजानं रक्तगट लिहायचा का मग आम्ही?" दाजी विचारायचे.

"लिहा की," अक्का म्हणायची. "तुमच्या लॅबात कोण जेवायला येतंय?"

लातूरला ते अक्काला बघायला आले तेव्हा मी शाळेत होतो. पोहे झाले, नावगाव झालं. मोठी माणसं पत्रिकेचं बोलत होती. दाजींनी मुलीला विचारलं, "रक्तगट कोणता?" अक्का म्हणाली, "मला माहीत नाही. तुम्हाला कळत असलं तर तुम्हीच सांगा." दुसऱ्या दिवशी दाजी काचपट्ट्या आणि सुई घेऊन आमच्या दारात हजर. वडील संतापले. अक्कानं बोट पुढं केलं. बोटाला सुई टोचून घेऊन पसंती कळवलेली लातूर जिल्ह्यातली ती एकमेव मुलगी असावी.

मागच्या नोव्हेंबरात अक्काला न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत वाढला. मुक्ता इंग्लंडमध्ये नोकरी करते. दाजींनी तिला निघायला सांगितलं तेव्हा दुसरा दिवस होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे असताना तिचा फोन आला. दाजी फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, म्हणून मीही ऐकला.

"बाबा, गाडी थांबलीय. लीव्ह्ज ऑन द लाइन म्हणतायत. म्हणजे रुळांवर पानं पडलीत. पुढे जातच नाहीये."

"पानं?" दाजी म्हणाले. "लोखंडाची गाडी पानानं थांबती होय? कारण तरी बरं सांगावं माणसानं."

आणि त्यांनी फोन ठेवला. मग ते आत अक्काजवळ गेले. मी बाहेरच उभा राहिलो. मलाही त्या वेळी ते कारण बरं वाटलं नव्हतं. मी फक्त बोललो नाही, एवढाच फरक.

संध्याकाळी अक्का गेली. मुक्ता दुसऱ्या दिवशी पोचली. कागदपत्रं झाल्यावर आम्ही अक्काला लातूरला नेलं. तेरा दिवसांत बाप-लेक एका घरात होते आणि त्यांच्यात मोजकी वाक्यं झाली. "जेवलीस का?" "हो." "गोळी घेतलीत?" "हो." मुक्ता परत गेली. नंतर वर्षभर हीच चार वाक्यं फोनवरून चालली, पंधरा दिवसांतून एकदा. दिवाळीला मी म्हटलं, "मुक्ता, येऊन जा ना चार दिवस." ती म्हणाली, "मामा, आय डोन्ट नो. बाबांना काय सांगू, का आले म्हणून?"

या वर्षी ऑक्टोबर सरता सरता दाजींनी मला शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन बोलावलं. "शुवैखला जायचंय. जुने कपडे घाल."

शुवैखमध्ये भंगाराची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या एका खानसाहेबांपुढं उभं राहून दाजी म्हणाले, "रेल का टुकडा चाहिए. ट्रेनवाला."

खानसाहेबांनी आमच्या दोघांकडे नीट पाहिलं. "बाबूजी, कुवेत में ट्रेन किधर है?"

"ट्रेन नहीं चाहिए. सिर्फ रेल."

"ट्रेन के बिना रेल का क्या करेगा?"

"टेस्ट."

खानसाहेबांना ते पटलं नसावं, पण गिऱ्हाईक वयस्कर होतं. बंदरावरच्या क्रेनच्या रुळाचा दोन फूट तुकडा आणि ट्रॉलीचं एक पोलादी चाक त्यांनी शोधून दिलं, आणि वर चहाही पाजला. तो रूळ लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर नेताना माझी कंबर धरली. इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा राखणदार, इजिप्तचा आहे. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "बाबा, ये क्या?"

"रेल्वे," दाजी म्हणाले. "घर में."

हारिसनं मान डोलावली. चौथ्या मजल्यावरचे बाबा बायको गेल्यापासून बदलले आहेत, असं तो आधीच सगळ्यांना सांगत असे. आता त्याला दाखवायला काहीतरी मिळालं.

दिवाणखान्यातलं सेंटर टेबल बाहेर गेलं आणि तिथं रूळ आला. पद्धत दाजींनी आखली होती. रुळावर पानं पसरायची, ओली करायची आणि वजन बांधलेलं चाक त्यांवरून पन्नास वेळा फिरवायचं, म्हणजे खऱ्या गाड्या जातात तशी पानं चेपतील. मग रुळावर एक पोलादी ठोकळा ठेवायचा आणि रुळाचं एक टोक मोटारीच्या जॅकनं हळूहळू उचलायचं. कितव्या अंशाला ठोकळा घसरतो ते कोनमापकानं बघायचं; तो लवकर घसरला, तर गाडीच्या चाकांनाही पकड मिळत नसणार. कोनमापक माझ्या शाळेतून आला. चाकही मीच फिरवायचं होतं.

"लायब्ररी, तू इंजिन," दाजी म्हणाले.

"माझी कंबर, दाजी."

"इंजिनाला कंबर नसती. चल. एक, दोन..."

सतराव्या फेरीला खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठीनं ठोकलं. दाजींनी रुळाखाली सतरंजी घातली आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

पानांची मात्र पंचाईत होती. इथं रस्तोरस्ती कोनोकार्पसची झाडं आहेत, पण ती बारा महिने हिरवी. इस्पितळाच्या बागेत बोराचं एक झाड आहे. दाजी तिथं वाकून पिशवीत पानं गोळा करू लागले तेव्हा बांगलादेशी माळ्यानं विचारलं, "दवाई बनाएगा?"

"हाँ," दाजी म्हणाले. "गाड़ी की."

कोरड्या रुळावर ठोकळा पंचविसाव्या अंशापर्यंत जागचा हलला नव्हता. बोराच्या पानांवर तो अठरालाच निघाला. मी टाळी वाजवणार होतो. मला वाटलं, आता सिद्ध झालं आणि आता आपलं सेंटर टेबल परत येईल.

"नाही," दाजी म्हणाले. "इथलं सॅम्पल तपासून तिकडच्या पेशंटचा रिपोर्ट देता येत नाही. पानं तिकडचीच पाहिजेत."

"मग मागवा मुक्ताकडून."

ते बराच वेळ ठोकळा पुसत बसले. मग त्यांनी चष्मा लावला आणि फोनवर एकेक अक्षर शोधत तिला लिहिलं: 'रुळाजवळची पडलेली पानं पाठव. निरनिराळ्या झाडांची. धुऊ नकोस.' वर्षभरात त्यांनी तिला पाठवलेला हा सगळ्यांत लांब निरोप होता.

तिचं उत्तर आलं नाही. दाजी रोज लॅबमधून आले की खालची टपालपेटी उघडायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "टपालाला वेळ लागतो." तीन आठवडे मी त्यांच्याकडून हेच वाक्य ऐकलं. मुक्तानं तो निरोप वाचून बाजूला ठेवला असेल, अशी मला भीती वाटायची. आता तिला पुन्हा विचारायचं धाडस त्यांच्याच्यानं झालं नसतं, आणि माझ्याच्यानंही.

मग एक पाकीट आलं. आत प्लास्टिकच्या पाच लहान पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीवर लेबल होतं. 'सॅम्पल १. प्लॅटफॉर्म २, टोकाचं झाड. बुधवार, स. ७.५०.' 'सॅम्पल २. पुलाखाली. ओलं.' चिठ्ठी नव्हती. दाजींनी पाचही लेबलं वाचली, पुन्हा वाचली.

"वेळ लिहिलीय," ते म्हणाले. "बघ. प्रत्येकावर वेळ लिहिलीय पोरीनं."

त्या शुक्रवारी मी तक्रार न करता चाक फिरवलं. पन्नास फेऱ्यांनंतर ती पानं पानं राहिली नव्हती. रुळावर काळपट, गुळगुळीत थर बसला होता. नखानं खरवडला तरी निघेना. दाजींनी त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले, ठोकळा ठेवला आणि जॅकचा दांडा फिरवायला लागले. सहाव्या अंशाला ठोकळा निघाला. त्याला थांबवायला आम्ही दोघांनी हात पुढं केले, तरी तो खाली सतरंजीवर जाऊन पडला.

दाजी जमिनीवर बसले होते ते तसेच बसून राहिले.

"झालं की दाजी," मी म्हटलं. "थांबते गाडी. सिद्ध झालं."

"तीस वर्षं झाली मला लॅबात," ते म्हणाले. "शेख येऊ दे नाहीतर हमाल येऊ दे, टेस्ट केल्याशिवाय रिपोर्ट दिला नाही मी कुणाला. एकदाच दिला. पोरीला. तोंडी."

मी ठोकळा उचलून खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिपोर्ट लिहिला. सुवाच्य अक्षरात, रकाने आखून. पेशंट: गाडी. तक्रार: थांबणे. सॅम्पल: पानं, पाच प्रकारची, मिळाली तेव्हा लेबल व्यवस्थित. निष्कर्ष: रुळांवरच्या पानांमुळे गाडी थांबू शकते. शेवटचा रकाना रिमार्कचा. तिथं त्यांनी एकच शब्द लिहिला, खाली सही केली आणि कागदाचा फोटो मुक्ताला पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. स्पीकर चालूच होता. मी उठायला लागलो तर दाजींनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

"बाबा, रिपोर्ट मिळाला."

"हं."

"मला हे माहीत होतं, बाबा. मी त्या गाडीत होते."

"तुला माहीत होतं. मला नव्हतं."

मग ती म्हणाली, "रिमार्कमध्ये माफी लिहिलंय. म्हणजे रिमार्क काही नाही, असंच ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. इथल्या अरबी बोलण्यात माफी म्हणजे 'नाही'. दूध माफी, पार्किंग माफी, लिफ्ट माफी. मुक्ता कुवेतमध्ये जन्मली. तिच्या कानावर हा शब्द याच अर्थानं पडत आलेला. आमच्या घरात दुसऱ्या अर्थानं तो वापरायची कुणावर वेळ आली नव्हती, किंवा आली तेव्हा कुणी वापरला नव्हता.

दाजींनी फोन जवळ ओढला.

"ती नाही गं," ते म्हणाले. "मराठीतली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग मुक्तानं विचारलं, आणि ते ती वर्षभर मनात घेऊन फिरत असणार, "आईला सांगितलं होतंत का तुम्ही? मी का आले नाही ते?"

"सांगितलं होतं. तुझा फोन ठेवून आत गेलो तो तिच्याजवळच गेलो. म्हटलं, पानं पडली म्हणून गाडी थांबली म्हणायली तुझी लेक."

"मग?"

"मग तुझी आई म्हणली, ती म्हणायली तर थांबली असंल. माझ्यावर चिडली. म्हणली, तिला फोन करा आणि सांगा, सावकाश ये. पण मी केला नाही फोन. मला वाटलं, थोड्या वेळानं करू."

हे मलाही तेव्हाच कळलं. मुक्ता रडत होती आणि दाजी फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "बाबा, सॅम्पल चारवरची वेळ चुकलीय माझी. ७.५० नाही, ८.१० हवी."

"दुरुस्त करतो," दाजी म्हणाले, आणि त्यांनी पेन घेतलं.

डिसेंबरात मुक्ता येऊन दहा दिवस राहून गेली. आता घरात अक्का नाही. शनिवारी सकाळी बाप-लेकीचा फोन असतो. तासभर चालतो.